मागचं वजन

साक्रीच्या अलीकडे, पांझरेच्या काठी एक गाव. तिथे फडाचं पाणी, म्हणजे बंधाऱ्यावरून पाटाने येणारं आणि सगळ्यांनी पाळीपाळीने घ्यायचं. पावसाळा सरला की पाटात मांडीएवढा गाळ साचायचा आणि तो उपसता उपसता गावाच्या कमरेचे काटे ढिले व्हायचे. म्हणून सत्तावन्न साली फडकऱ्यांनी मिळून एक छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या पुढे दोन लोखंडी हातांवर पसरट डबा होता. गावाने त्याला 'सूप' म्हणायला सुरुवात केली. सूप गाळ भरून घेणार, वर उचलणार आणि बैलगाडीत ओतणार. चालवायला सुकदेव. तो पुण्याकडे तीन महिने ट्रॅक्टर शिकून आला होता, आणि आल्यापासून धोतर सोडून खाकी पँटीत हिंडत होता.

तिकडच्या मेस्तरीने त्याच्याकडून तीन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. भरलेलं सूप जमिनीलगत ठेवायचं, उतारावर घाई करायची नाही, आणि मागे वजन टांगल्याशिवाय सुपाला हात लावायचा नाही. पुढे ओझं उचललं की लहान ट्रॅक्टरचं ढुंगण हलकं होतं, असं मेस्तरी म्हणायचा. सुकदेवने नदीतला सात मणांचा काळा धोंडा साखळीने मागच्या दांड्यांना टांगला आणि काम सुरू केलं. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं.

मग आला दसरा. औत, विळे, कुऱ्हाडी पुजल्या, तेव्हा ट्रॅक्टरही पुजायला हवा. फडाचे पुढारी कौतिकनाना, त्यांच्या घरच्या मंजुळाबाईंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं, सुपाला झेंडूची माळ घातली, आणि वाटीत उरलेला शेंदूर वाया कशाला घालवायचा म्हणून मागच्या धोंड्याला फासला. झालं. शेंदूर लागला की आपल्याकडे दगडाची जात बदलते. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंड्यापुढे दोन नारळ आणि एक उदबत्ती होती. तिसऱ्या दिवशी त्याचा म्हसोबा झाला होता.

मंजुळाबाईंनीच सुकदेवला हटकलं. "काय रे भाऊ, देवले पाठ दाखाडीसन बसस? आनि धूर बठ्ठा त्याना आंगवर?"

पारावर सगळे जमले. देव निंबाखाली बसवायचं ठरलं. कौतिकनानांनी सुकदेवला विचारलं, "दगडबिगर चाली का रे?"

नाही म्हणायला तोंड होतं, आणि दुसरा धोंडा आणून टांगायला अर्धा दिवस पुरला असता. पण तीस-चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. पुण्याला शिकून आलेला माणूस दगडाच्या आधाराने काम करतो, असं कोणी म्हणेल की काय, हे त्याच्या मनात आलं.

"चाली नाना," तो म्हणाला. "आते मना हात बसेल शे. दगड ते शिकनारले लागस."

कोपऱ्यात बसलेले वनाआबा खोकले. उभा जन्म त्यांनी बैलगाडी हाकली होती. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होऊन जू वर उचलतं, पुढे आलं की बैलांची मान मोडते, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. "गाडी आसो का यंत्र आसो," ते म्हणाले, "पुढला भार वाढना का मांगलं उचलाय जास. हाऊ दगड देवले द्या, पन त्याना बदली दुसरा टांगा. देव शे का वजन शे, ते एकदाव ठरावा म्हंजे झायं."

लोक हसले. सुकदेवही हसला आणि म्हणाला, "आबा, ही बैलगाडी नही शे." त्यावर लोक आणखी हसले, आणि त्याला बरं वाटलं.

पुढचे दोन दिवस खरंच निभावलं. गाळ वाळलेला होता आणि सूप तो अर्धंच भरत होता. मागची चाकं मधूनच सैल पडतात, सुकाणू हातात जड लागतं, हे त्याला कळत होतं. कळूनही तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी बंधाऱ्याजवळचा ओला गाळ लागला. सूप काठोकाठ भरलं. वनाआबांची गाडी पाटाच्या खालच्या अंगाला उभी होती आणि आबा बैलांच्या तोंडाशी होते. सुकदेव सूप वर उचलूनच उतारावरून गाडीकडे निघाला, कारण गाडीपाशी थांबून उचलायचा वेळ तेवढाच वाचत होता. गाडीपाशी येऊन त्याने ब्रेक दाबला आणि त्याची बैठक हवेत गेली. मागची दोन्ही चाकं उचलली, ट्रॅक्टर नाकावर आला आणि भरलं सूप गाडीच्या साटीवर, तिच्या लाकडी चौकटीवर आदळलं. आबांनी बैल बाजूला ओढले, बैल वाचले. साटीचं लाकूड मोडून आबांच्या पायावर आलं.

धुळ्याच्या दवाखान्यात पायाची दोन बोटं काढली. उरलेल्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. आबा परत गाडी हाकतील की नाही, ते डॉक्टरने सांगितलं नाही.

सुकदेवला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याला वाटलं, आता गाव आपल्याला फाडून खाईल. पण गावाने आपला निकाल आधीच लावला होता. वनाने भर पारावर देवाची थट्टा केली, 'देव शे का वजन शे' म्हणाला, देवाने दाखवलं. सुकदेवला कोणी चहा आणून दिला, कोणी पाठीवरून हात फिरवला. तू थोडक्यात वाचलास, म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच, आणि चोर मुकाट्याने चहा प्याला.

दुसऱ्या दिवसापासून आबांची म्हातारी, वच्छलाबाई, निंबाखाली यायला लागली. नवऱ्याच्या वतीने ती देवापुढे नाक घासायची, कान धरायची आणि जाताना मूठभर ज्वारी ठेवून जायची. समोर दहा पावलांवर सुकदेव ट्रॅक्टरचं वाकलेलं सूप ठोकून सरळ करत असायचा. ती आली की तो हातोडा थांबवायचा आणि ट्रॅक्टरच्या पलीकडे जाऊन उभा राहायचा. पाच दिवस असं चाललं. लाज माणसाला मारून टाकत नाही, हीच तिची खोड आहे. रात्री भाकरी उतरायची नाही, सकाळी मात्र पाय पुन्हा तिथेच.

सहाव्या दिवशी आबांना घरी आणलं. सुकदेव उंबऱ्यापाशी बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "आबा, चूक मनी व्हती. माले ठाऊक व्हतं."

आबा छताकडे बघत होते. "माले काय सांगस?" ते म्हणाले. "माले ते तठेच कळनं. ज्यास्ले कळनं नही, त्यास्ले सांग."

त्या संध्याकाळी पारावर त्याने सांगितलं. मेस्तरीचे तीन नियम, आपली फुशारकी, सैल पडणारी चाकं, काही लपवलं नाही. सगळं ऐकून कौतिकनाना उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हाताराना दोष सोताना आंगवर लेस," ते लोकांना म्हणाले, "मोठा मननं पोऱ्या शे." चारचौघांनी माना डोलावल्या. सुकदेवला वाटलं, यापेक्षा जोडे मारले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रॅक्टर निंबासमोरच्या मोकळ्या जागेत आणला आणि लोकांना लांब, गोल करून उभं केलं. कोणी पुढे यायचं नाही, म्हणाला. सूप ओल्या गाळाने भरून त्याने वीतभरच उचललं, तसाच हळू पुढे गेला आणि ब्रेक दाबला. मागची चाकं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीपासून सुटली. सूप जमिनीला टेकलं आणि ट्रॅक्टर थांबला. मग गावातल्या सहा जणांनी मिळून आणलेला नदीतला दुसरा धोंडा त्याने मागे टांगला आणि तेवढाच गाळ पुन्हा उचलून तसाच पुढे गेला. ब्रेक दाबला. चाकं जमिनीवरच राहिली.

कौतिकनाना जमिनीकडे बघत राहिले. वच्छलाबाई ज्वारीची पुरचुंडी हातात धरून मागे उभी होती, ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिने आधी चाकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पाच दिन मी आठे नाक घासं," ती म्हणाली. "तू रोज आठेच व्हता ना?"

ट्रॅक्टर बंद करून सुकदेव खाली उतरला.

"व्हतु, काकी."

तिने पुरचुंडीची गाठ सोडली नाही. ती पदराखाली घेऊन तशीच घराकडे निघाली, आणि लोकांनी तिला वाट करून दिली.