चौथ्या सिलिंडरचा थेंब

टप्.

शहाडच्या त्या घरात दुपारची सामसूम होती. पंखासुद्धा बंद होता, कारण लॉराला कान देऊन ऐकायचं होतं. स्वयंपाकघरातून आणलेल्या स्टीलच्या ताटात एक थेंब पडला. तो माझ्यातून पडला, मित्रांनो. हे सांगताना मला लाज वाटते, आणि लाज वाटून घ्यायची मला सवय नाही.

मी एक जुना इंजिन ब्लॉक आहे. म्हणजे गाडीच्या इंजिनाचं धड. पिस्टन, क्रँक, वॉल्व्ह ही मंडळी येतात नि बदलून जातात. ती ज्याच्या पोटात नांदतात तो मी. अस्सल बिडाचा, चार सिलिंडरचा. हल्लीची ॲल्युमिनियमची इंजिनं मला पातेल्यांची भावंडं वाटतात. टेम्पोच्या इंजिनांशी तर मी कधी बोललोच नाही.

मी ज्या गाडीत होतो ती घेतली इनासने. इनास म्हणजे लॉराचा बाप. घराच्या पुढच्या भागात त्याचं दुकान होतं. झिजलेले सिलिंडर बोअरिंग मशीनवर कातून तो गुळगुळीत करून द्यायचा. घेतल्या घेतल्या त्याने मला उघडलं आणि छोट्या हातोडीने एकेक भिंत ठोकून पाहिली. पहिल्या तिन्ही घंटेसारख्या बोलल्या. चौथ्यापाशी तो थांबला. पुन्हा ठोकलं. मग काही न बोलता मला परत जोडून टाकलं. मला वाटलं, कंटाळला असेल.

त्यानंतर बावीस वर्षं त्याने गाडी चाळीसच्या वर नेली नाही. दर रविवारी आम्ही वर्तकनगरला, त्याची बहीण उर्सुला हिच्याकडे जायचो. रिक्षा हॉर्न देऊन पुढे जायच्या. एकदा तर एका पाववाल्याची सायकलसुद्धा गेली. तेल मात्र तो वेळेवर बदलायचा, पाणी रोज पाहायचा. सगळे म्हणायचे, "इनासची गाडी कधी तापत नाही." मी मनात म्हणायचो, कशी तापेल, चालवणारा भित्रा आहे.

इनास गेला. तीन वर्षं मी ताडपत्रीखाली पडून होतो. बॉनेटवर मांजरं व्यायली. मग त्याच्या मुलाला, लॅन्सीला, माझी आठवण झाली. हा लॅन्सी म्हणजे गाडीपेक्षा स्टिकर जास्त. त्याला म्हणे सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी 'स्ट्रोकर' करायचा होता. म्हणजे मोठा क्रँक बसवायचा, पिस्टनची खालीवर धाव वाढवायची आणि ताकद वाढवायची. पण मोठा क्रँक फिरू लागला की त्याला पिस्टनशी जोडणारे रॉड माझ्या सिलिंडरांच्या खालच्या काठाला अडतात. म्हणून तिथे हाताने खाचा पाडाव्या लागतात. ते काम त्याने बहिणीवर टाकलं.

"पप्पांचा हात तुझ्यात उतरलाय असं सगळे म्हणतात ना? बघूच," तो म्हणाला. "जमलं तर पप्पांची मशीन तुझी. नाही जमलं तर डोंबिवलीला घरी बस आणि बर्थडेचे केक कर."

"केकपण मापातच करावे लागतात," लॉरा म्हणाली. "आधी भिंतींची जाडी मोजून आणू. आमच्याकडे एमआयडीसीत त्याचं यंत्र आहे."

"पप्पांचा ब्लॉक मोजायचा? अगं, बावीस वर्षं गरम झाला नाही तो. लाज नाही वाटत?"

"त्यात लाज कसली? पप्पा मीठसुद्धा मोजून घालायचे."

"मीठ वेगळं. हा त्यांचा ब्लॉक आहे."

लॉराने भिंतीवरच्या पप्पांच्या फोटोकडे पाहिलं आणि न मोजताच कानस उचलली. मी खूश झालो. मोजायला मी काय गिऱ्हाइकाचा ब्लॉक होतो?

रोज दुपारी ती डोंबिवलीहून यायची. डेल्फिनला, तिच्या चार वर्षांच्या मुलीला, आतल्या खोलीत निजवायची आणि ती झोपली की तासभर माझ्यावर वाकायची. खूण करायची, थोडं घासायची, क्रँक हाताने फिरवून फट पाहायची, पुन्हा थोडं. लॅन्सीसारखे लोक रॉकेलचा फडका मारून मोकळे होतात. ही साबणाच्या पाण्याने धुवायची, लेकीच्या तान्हेपणीच्या मऊ लंगोटाने पुसायची, कापड पांढरं निघेपर्यंत. मला तिला नावं ठेवता येईनात, म्हणून मी लंगोटाला ठेवली.

आठव्या दुपारी काम झालं. तिने माझी भोकं बुजवली, सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत पाणी भरलं, खाली ताट ठेवलं आणि कुठे गळतंय का ते ऐकत बसली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

लॅन्सी दारात उभा होता. "फोडलंस?"

"चारही खाचा सारख्या आहेत. मापात आहेत."

"मग पाणी एकातूनच का आलं? पप्पांनी बावीस वर्षं जपलेलं तू आठ दुपारींत घालवलंस." त्याने बोअरिंग मशीनवर कापड ओढलं, त्याच्या टोकांना गाठ मारली आणि तो निघून गेला.

मित्रांनो, एकातूनच का, ते मला आता कळलं आहे. बीड ओततात तेव्हा पाण्याची पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. माझा गाभा ओततानाच सरकला होता. चौथी भिंत जन्मापासून एका बाजूने पातळ आहे, म्हणून मापातली खाचही तिथे पाण्यापर्यंत पोचली. लॉराच्या हाताची त्यात काही चूक नाही. आणि इनासला हे पहिल्याच दिवशी हातोडीने सांगितलं होतं. त्याने माझं बिंग फोडलं नाही. फक्त मला सांभाळून चालवलं. त्याला मी बावीस वर्षं भित्रा म्हणत आलो.

म्हणून एवढंच मागतो. जुन्या वस्तूला मान द्या, पण मानापायी तिला मोजायचं टाळू नका. आणि तिच्यातलं उणं तुम्हाला कळलं असेल, तर ते मनात ठेवून जाऊ नका. मागच्यांना सांगून जा.

आतून पावलं वाजली. डेल्फिन उठून आली होती, गालावर उशीचे वळ. सकाळीच तिच्या हातून कप फुटला होता आणि फुटलं तर खरं सांगायचं, असं लॉराने तिला समजावलं होतं. तिने ताटातलं पाणी पाहिलं, मग आईच्या हातातलं ओलं कापड.

"मम्मा, हे तू फोडलंस, की ते आधीपासूनच असं होतं?"