मळी म्हंजी मळी

आपल्याकडं एका शब्दात दोन माल बसतात. उसाचा रस गाळल्यावर उरतो तो ओला गाळ म्हणजे मळी, आणि साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा चिकट पाक, तीही मळीच. न्हावऱ्याजवळच्या गॅस प्लँटच्या टाकीत जायचा तो गाळ. टाकीतले जिवाणू तो खातात आणि त्यातून गाड्यांत भरायचा गॅस निघतो.

हे सगळं सुपरवायझर ज्ञानदेवआप्पांना तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी घाईत त्यांनी ड्रायव्हर अयुबला फोनवर मळी आण एवढंच सांगितलं. अयुब गाळाचा टिपरही चालवायचा आणि पाकाचा टँकरही, म्हणून त्यानं विचारलं, टँकर घेऊ का? आप्पांना वाटलं, आता हा मला शिकवणार.

"घे काय घ्यायचं ते. मळी म्हंजी मळी."

पाक टाकीत गेला. चार दिवसांत टाकी आंबली, जिवाणू मेले, गॅस बंद पडला. प्लँटच्या साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, मी गाळच सांगितला होता. अयुबनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल म्हणाला. त्याला कामावरून काढून तिथूनच घरी पाठवलं.

आप्पांना घास गोड लागेना. आठवड्यानं ते दौंडला अयुबच्या घरी गेले. खरं सांगायचा बेत नव्हताच, दोन शब्द गोड बोलून मोकळं व्हायचं होतं. अयुब दूध आणायला गेला होता. त्याची बायको शहाबानो हिनं पाणी दिलं आणि उंबऱ्याशीच उभी राहिली.

"आप्पा, ह्यांच्या फोनमधी तुमचं समदं बोलणं रेकॉर्ड हाय. मी म्हनलं, साहेबास्नी ऐकवा. हे म्हनले, आप्पांनीच मला कामाला लावलंय, चारचौघांत त्यांची मान खाली न्हाई घालायची."

आप्पांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिथंच त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, चूक माझी हाय. त्यानं इचारलं व्हतं. मीच खोटं बोललो."

साहेब म्हणाले, हे त्या दिवशी बोलायला हवं होतं, त्याच्या जागेवर कालच दुसरा माणूस घेतलाय.

तेवढ्यात अयुब दुधाची पिशवी घेऊन दारात आला. आप्पांच्या हातातला फोन पाहून त्यानं आशेनं विचारलं, "साहेबांचा फोन व्हय? काय म्हनले?"

आणि आप्पांना पुन्हा एकदा खोटं बोलावंसं वाटलं.