टिचबटणं

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण नातीच्या फ्रॉकवर जेवढी अक्कल खर्च केली तेवढी एखाद्या नवरदेवाच्या कोटावरही केली नसेल. आणि तिथंच सगळं फसलं.

नात पाच वर्षांची. एका गालात घास धरून बसायची सवय, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. तिचा डावा हात जन्मापासून आखडलेला. मूठ उघडायची, पण मनात येईल तेव्हा. दर गुरुवारी थेरपीवाल्या बाई घरी येत. त्यांच्याजवळ ना यंत्र ना गोळ्या. त्या म्हणत, "माझा एक तास कुठे पुरणार? खरा व्यायाम तुमच्या घरातच आहे. कणीक तिला मळू द्या, कुंड्यांना पाणी तिला घालू द्या, बटणं तिची तिला लावू द्या. तुम्ही नुसतं बघत बसा."

हे नुसतं बघत बसणं मास्तरांच्या जिवावर यायचं.

लेक बेकरीत कामाला. ती पहाटेच बाहेर पडे, त्यामुळे सकाळी खारूताईला तयार करायचं काम मास्तरांकडे. पहिल्या दिवशी एका बटणाशी पोर दहा मिनिटं झुंजली. डावा हात कापड धरेना, उजव्या हाताला काज सापडेना. शेवटी तिचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी मशीनवरचं झाकण काढलं.

फ्रॉकला पुढं सहा सुंदर बटणं लावली, ती नुसती शोभेची. काजं घातली, तीही वरवर, बंद. आणि आतून, कुणाला दिसणार नाहीत अशी, टिचबटणं. उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबलं की टिक. खारूताई सहा वेळा टिक करून मोकळी. असे चार फ्रॉक झाले. लेक घरी यायची, पोर तयार दिसायची, आणि ती बाईंनी नोंदीसाठी दिलेल्या वहीत ठसठशीत अक्षरात लिहायची, 'बटणं स्वतः लावली.' मास्तर शेजारी बसून चष्मा पुसत राहायचे.

शाळा सुरू व्हायला दोन महिने असताना बाई वही वाचून खूश झाल्या. "कमाल केलीत! मग मी शाळेला कळवते, हिला मदतनीस लागणार नाही. आणि माझंही काम संपलं. माझ्याकडे रांगेत दुसरं एक मूल आहे, पुढचा गुरुवार शेवटचा."

लेकीचा चेहरा असा उजळला की मास्तरांचं तोंडच शिवलं गेलं. आता बोलावं तर लेकीच्या आनंदावर पाणी पडणार. न बोलावं तर पोर परक्या वर्गात, परक्या लोकांत, उघड्या शर्टानं उभी राहणार. त्या आठवड्यात त्यांना जेवण गोड लागलं नाही.

बुधवारी लेक शाळेचा शर्ट घेऊन आली. तयार, दुकानातला, पाच पांढरी बटणं. "घाल गं, बघू कशी दिसतेस!"

खारूताईनं शर्ट चढवला, पहिल्या बटणावर अंगठा दाबला आणि थांबली. परत दाबला. मग आजोबांकडे बघून म्हणाली, "आजोबा, हा बिघडलाय. टिक होत नाही."

"टिक म्हणजे?" लेकीनं विचारलं.

मास्तरांनी दोरीवरचा फ्रॉक काढून लेकीच्या हातात दिला. तिनं तो उलटा केला. आतली टिचबटणं बघितली, मग वही बघितली.

"बाबा, दीड महिना मी खोटं लिहीत होते?"

"तू नाही. मी लिहून घेत होतो." मास्तर म्हणाले. "मला बघवत नव्हतं गं."

"मला बघवतं असं वाटतं तुम्हाला?" एवढं बोलून ती आत गेली. तिनं आदळआपट केली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

गुरुवारी त्यांनी स्वतःच बाईंपुढं फ्रॉक ठेवला आणि सगळं सांगितलं. बाईंनी शिलाई निरखली. "काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही पहिलं काज केलंत ते कसं झालं होतं?"

"कसलं काज! उंदरानं कुरतडल्यासारखं."

"मग उस्तादांनी तुमच्या हातातून सुई काढून घेतली?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे उस्ताद शेजारी चहा पीत बसायचे आणि ढुंकूनही बघायचे नाहीत. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, तो चहा त्या माणसाला गोड लागत नसणार.

बाईंनी शाळेला पाठवायची चिठ्ठी थांबवली, गुरुवार चालू ठेवले. मास्तरांनी चारही फ्रॉकची टिचबटणं उसवली. मग कोटाची मोठाली बटणं घेतली, बोटांत धरता यावीत म्हणून लांब दोऱ्यावर सैल टाकली, काजं ऐसपैस कापली. आठवडा गेला की बटण एक माप लहान, काज एक दोरा अरुंद. सकाळी खारूताई बटणांशी झटायची आणि मास्तर समोर स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात शिवशिवायचे. ती रडायची तेव्हा तेही रडायचे, पण हात तिथंच. कधी डावी मूठ उघडून कापड धरायची, कधी नाही. आता वहीत मास्तर स्वतः लिहीत: 'आज दोन. तिसऱ्याला चिडली.'

शाळेच्या पहिल्या दिवशी पाच बटणांना पंचवीस मिनिटं लागली. मास्तर घड्याळाकडे बघत नव्हते, शर्टाकडे बघत होते. पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलं होतं. गळ्याशी एक काज रिकामं, खाली एक बटण लोंबतंय, सगळा शर्ट तिरका.

रस्त्यात इस्त्रीवाल्यानं हाक मारली, "काय मास्तर, शिंप्याची नात आणि हा अवतार? दुकान बंद केलंत तशी नजरही गेली वाटतं!"

आयुष्यात कुणी त्यांच्या घरच्या कपड्याला नाव ठेवलं नव्हतं. मास्तर थांबले, छाती काढून म्हणाले, "तिनं लावलीत. पाचही." खरं तर चारच लागली होती.

शाळेच्या फाटकाशी शिक्षिका हसून वाकल्या आणि बटणं नीट लावायला त्यांनी शर्टाला हात घातला. "बाई, राहू द्या," मास्तर घाईनं म्हणाले.

खारूताईनं खाली बघितलं. उरलेलं बटण डाव्या मुठीत धरून बघितलं. "आजोबा, हे एक उरलं."

"उरू दे," मास्तर म्हणाले, "ते उद्या लाव." आणि दोन्ही हात खिशात खुपसून, ती आत जाईपर्यंत नुसते बघत उभे राहिले.