एकाच खाचेतून भुसा

पहिला ठोकळा फुटला त्या मंगळवारी डेस्मंड पिकप नेमका गैरहजर होता, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

लाकूड कातणाऱ्यांचा आमचा क्लब चॅपेलच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. हॉलची आणि कपाटाची किल्ली डेस्मंडकडे. तो आठला येऊन हीटर लावतो, चहाचं पाणी ठेवतो. आम्ही बाकीचे दहाला उगवतो. म्हणजे दर मंगळवारी दोन तास तो एकटा, आणि कपाटात आम्हा सगळ्यांच्या हत्यारांच्या पेट्या. बारा वर्षांत मला हे कधी खटकलं नव्हतं. विनी ऑग्डेनचं लाकूड हातात येईपर्यंत.

विनीचा नवरा स्टॅन म्हणजे आमच्या रॉसेनडेलच्या खोऱ्यात गाजलेला गडी. हिरवळीवर लाकडी गोळा घरंगळवत नेमका हवा तिथे थांबवावा तर त्यानेच. त्या गोळ्यांची जोडी असते. एक स्टॅनबरोबर शवपेटीत गेला. दुसरा विनीने बाजाराच्या पिशवीतून आणून माझ्यासमोर ठेवला.

"क्लिफर्ड, पंधरा तारखेला नातीचं लग्न आहे. चॅपेलच्या लग्ननोंदीच्या वहीत तिने आजोबाच्या पेनाने सही करावी असं फार वाटतंय. होईल का रे?"

"न व्हायला काय झालं?" मी म्हणालो.

ते गोळे लिग्नम नावाच्या लाकडाचे. इतकं जड लाकूड की पाण्यात टाकलं तर तळाला जातं, आणि अंगात तेल मुरलेलं. साठ वर्षांत गोळा आतून तडकला होता. चिरला तर पेनाजोगे धड ठोकळे निघाले दोनच. पेनाला एक लागतो. म्हणजे चुकायला एकदाच वाव होता.

असल्या लाकडाला पेनाच्या नळीसाठी भोक पाडायचं तर घाई उपयोगाची नाही. ठोकळा लागतो त्यापेक्षा लांब ठेवायचा, भोक आरपार न्यायचं नाही, उरलेलं टोक मागून कापून टाकायचं. ड्रिल हळू फिरवायचं. पाव इंच आत गेलं की बाहेर काढून भुसा झाडायचा, हात लावून बघायचं, गरम वाटलं तर थांबायचं. हे सगळं क्लबात मीच शिकवतो. त्या मंगळवारीही मी हे सगळं केलं. आणि अर्ध्यात आवाज आला, टक्. ठोकळ्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत केसाएवढी रेघ.

माझ्या हातून? मी गिरणीच्या हत्यारखान्यात चाळीस वर्षं काढली. ड्रिलच्या टोकाला बसवतात त्या बिटाला धार लावण्यात माझा हात धरणारा खोऱ्यात पैदा झालेला नाही. तेव्हा कुठेतरी पाणी मुरत होतं. डेस्मंड त्या आठवड्यात किल्ली चॅपेलमध्ये देऊन लेकीकडे मॉर्कमला गेला होता. करून सवरून नामानिराळा! गेल्या वर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनात माझ्या पेनाला पहिलं बक्षीस मिळालं, त्याच्या पेनाला दुसरं. तेव्हा मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या होत्या त्याने. जरा जास्तच मोठ्या मनाने.

विनीला मी स्पष्टच सांगितलं. "तुझ्या लाकडात खोट नाही. माझ्या हत्यारांना कुणीतरी हात लावलाय."

"कुणी?"

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

ती बघतच राहिली. "डेस्मंड? अरे, स्टॅनला खांदा दिलाय त्याने!"

"खांदा देणाऱ्याच्या पोटात काय असतं ते कुणाला दिसतं?"

रविवारी प्रार्थनेनंतर डेस्मंडने तिला दार उघडून धरलं, तर ती दुसऱ्या दाराने गेली. ते बघून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढच्या मंगळवारी मी साडेआठलाच जाऊन थडकलो. हॉलबाहेरच धार लावायच्या ग्राइंडरची घरघर ऐकू आली. हलकेच दार ढकललं. माझी पेटी उघडी, आणि माझा बिट डेस्मंडच्या हातात.

"काय चाललंय?"

तो केवढ्याने दचकला! बिट पाठीमागे घेतला. "काही नाही रे. बघत होतो."

"दुसऱ्याच्या पेटीत?"

"चुकून... चुकून उघडली."

"बारा वर्षं त्याच कपाटात त्याच पेट्या, आणि आज चुकून?"

त्याचे कान लालभडक झाले. "चहा ठेवतो," एवढंच पुटपुटून तो आत सटकला. चोराच्या मनात चांदणं!

पेटी उचलून मी तडक घरी आणली. परसातल्या शेडमध्ये बसून त्याने हात लावलेल्या एकूण एक बिटाला नव्याने धार केली. दिवा तीनदा जवळ ओढावा लागला. हल्ली बल्बसुद्धा धड मिळत नाहीत. दुपारी क्लबात मी चारचौघांना सांगूनही टाकलं की किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या.

गुरुवारी, लग्नाला दोन दिवस राहिले असताना, माझ्या शेडमध्येच उरलेला ठोकळा घ्यायचं ठरलं. विनी घरचा आल्याचा केक घेऊन येऊन बसली. डेस्मंडही आला. न बोलावता.

"क्लिफर्ड, माझा बिट घे. कालच आणलाय, कोरा आहे."

"तुझा? तुझ्या हातचा?" मी हसलो. "त्यापेक्षा दातांनी भोक पाडेन."

"मग निदान आधी फालतू लाकडावर चालवून बघ ना. एकदाच."

"मला शिकवतोस?"

तो भिंतीला टेकून उभा राहिला. विनीने खुर्ची थोडी त्याच्यापासून लांब सरकवली.

मी ड्रिल लावलं. पाव इंच, बाहेर. पाव इंच, बाहेर. जळका वास आला, थांबलो. निवू दिलं, परत लावलं. तेव्हा माझं लक्ष भुशाकडे गेलं. बिटाला दोन खाचा असतात. धार नीट असली तर दोन्ही खाचांतून सारखा भुसा वर येतो. इथे एकाच खाचेतून येत होता. दुसरी कोरडी. म्हणजे टोकाची एकच बाजू कापत होती आणि दुसरी नुसती घासून लाकूड तापवत होती. हे कळून हात मागे घेतोय तोवर झालंच. टक्.

मी बिट काढून खिडकीपाशी नेला. नाकापर्यंत आणला, लांब धरला. टोकाशी नुसता पांढुरका ठिपका दिसत होता. धारा दिसेचनात.

"विनी," मी म्हणालो, "टोकाच्या दोन्ही धारा सारख्या आहेत का बघ जरा."

तिने चष्मादेखील लावला नाही. "नाहीत रे. एक लांब आहे, एक आखूड. हे तर आंधळ्यालाही दिसेल."

या बिटाला माझ्यानंतर कुणाचाही हात लागला नव्हता.

मी डेस्मंडकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"दोन वर्षं होतील," तो तितक्याच हळू म्हणाला. मग आवाज चढवून विनीला म्हणाला, "लाकूडच जुनं होतं गं. कुणाच्याही हातून फुटलं असतं."

विनी ताडकन उठली. "तू तर बोलूच नकोस! क्लिफर्डने मला सगळं सांगितलंय. आता समाधान झालं ना तुझं?"

डेस्मंडने कोट उचलला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प राहिलो असतो तर तो तसाच कोट घालून निघून गेला असता, आणि माझं नाव राहिलं असतं. एक क्षण माझ्या मनात आलंही तसं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

"विनी, दोन्ही ठोकळे मी फोडले. मला धार दिसत नाही. दर मंगळवारी हा माझ्याआधी येऊन माझे बिट नीट करून ठेवायचा, कुणाला न सांगता. मॉर्कमला गेला त्या आठवड्यात राहिलं, तर पहिला फुटला. आणि हा... याने नीट केलेली धार मी घरी नेऊन बिघडवली."

ती खाली बसली. मग डेस्मंडला म्हणाली, "माझं चुकलं."

"जाऊ दे गं," तो म्हणाला.

तिने फुटका ठोकळा यंत्रातून काढून घेतला, तो अजून गरम होता, आणि रुमालात बांधला.

"मी हे पेन नातीला कबूल केलं होतं," ती मला म्हणाली. "आता शनिवारी लग्नाला यायचं, आणि ते का नाही हे तिला तू सांगायचंस. मला सांगितलंस तसंच सगळं. डेस्मंडचंही."

"सांगतो," मी म्हणालो.