परांचीचं भोक

घर विकायला काढणं म्हंजे पोरगी उजवण्यापेक्षा वाईट काम. पोरगी बघायला येणारे निदान पोहे तरी खातात. घर बघायला येणारे भिंतीवर टकटक करतात, नळ सोडून बघतात आन नाक मुरडून जातात. ब्याऐंशी सालापासनं माझं हेच चाललं होतं.

आमचं घर सातपूरच्या अलीकडं, कॉलनीत. एका रांगेत आठ घरं, एकमेकाला चिकटलेली. मधली भिंत दोघांत एकच. दुपारी अशी सामसूम, की कुणाच्या कुकरची शिट्टी झाली ते कळायचं. मी कारखान्यात ग्राइंडिंगला होतो. सगळी भुकटी छातीत जाऊन बसली. डॉक्टर म्हणले, इथून हला, नायतर काय खरं नाय. निफाडला भावानं, पुंजानं, मळ्यातली खोली मोकळी करून ठेवली होती. पण घर खपल्याबिगर हलता येईना. भावाच्या जिवावर किती दिवस बसणार?

आन घर खपेना ते एका भोकापायी.

घरं बांधली तव्हा गवंड्यानं परांचीचे बांबू खुपसायला भिंतीत भोकं ठेवली होती. बाकीची बुजवली, आमच्या सयपाकघरातलं राहून गेलं. बुजवू, बुजवू म्हणता एक दिवस पलीकडनं आवाज आला, "वैनी, मीठ हाय का?" ती भिमाबाई. आमच्या मंडळीनं, सिंधूनं, भोकातनंच मीठ दिलं. झालं. पुढं मीच छिन्नी घेऊन ते वाटीएवढं केलं. तिकडनं बुद्धपुनवेची खीर यायची, इकडनं आखाजीचा आमरस जायचा. नेम एकच, वाटी रिकामी परत जायची नाय. त्यामुळं ती वाटी कधी कुठल्या एका घरची राहिलीच नाय. भिमाबाईचा नवरा माझ्याच खात्यात होता. तो गेला तव्हापासनं बाई एकटीच.

गिऱ्हाईक यायचं असलं की मी भोकावर कॅलेंडर टांगायचो आन भिमाबाईला आधी सांगून ठेवायचो. तरी कुणीतरी ते उचलून बघायचंच. त्या दिवशी गिऱ्हाईक न सांगता आलं. रंगनाथराव म्हणून कचेरीतले कारकून, संगं त्यांची आई कुसाबाई. मी घाईघाईनं कॅलेंडर तेवढं टांगलं.

रंगनाथरावांना घर पसंत पडलेलं दिसत होतं. म्हणले, "शेजार कसा आहे?"

"एक नंबर. भिमाबाई म्हणून हायेत."

"आडनाव काय त्यांचं?"

"आडनावाचं काय करता? बाई एक नंबर हाय."

ते परत विचारणार, तेवढ्यात कॅलेंडर फुगलं. खालून बांगड्यांचा हात आला, हातात वाटी, वाटीत सुकटीचं कालवण. घरभर वास.

"वैनी, धरा की लवकर, बोटं पोळली!"

रंगनाथरावांनी रुमाल नाकाला लावला. "हे काय आहे?"

"सुकट हाय," कुसाबाई म्हणली. "मिरची भाजून घातलीय."

"आई, आपल्यात चालत नाही!"

"तुझा बाप होता तवर चालत होतं की."

रंगनाथराव लालबुंद. जाताना मला बाजूला घेऊन म्हणले, "घर घेतो. पण ते भोक पक्कं बुजवून द्या. त्या घराशी आमचा संबंध नको."

मी हो म्हणालो. लय दमलो होतो. चार पावलं चाललो तरी मला धाप लागायची.

सिंधू भांडली. "दुसरं गिऱ्हाईक बघा. हा माणूस मला नाय पसंत."

"तुला काय नवरा करायचाय का त्याला?"

"मग मी नाय येत निफाडला. जा एकटे, खा द्राक्षं."

कॅलेंडरामागनं आवाज आला, "वैनी, ऐकू येतंय मला. मघाचंबी आलं."

सिंधूनं कॅलेंडर बाजूला केलं.

"भाऊजी, सिमिट आणा. आमच्या मालकांनी त्याच भुकटीपायी जीव सोडला, मी बघितलंय. तुमी तिकडनं लावा, मी इकडनं लावते. एकाच बाजूनं लावलं तर पोकळ राहील."

दुसऱ्या दिवशी मी इकडनं विटेचे तुकडे घातले, तिनं तिकडनं. मधी जरा वेळ तिची बोटं दिसत होती. मग सिमिट थापलं आन दिसायची बंद झाली. सिंधू पाठ करून तांदूळ निवडत बसली. त्या तांदळात खडा नव्हता एकबी.

रंगनाथरावांनी भिंतीवर हात फिरवून बघितला, आन व्यवहार झाला.

निघायच्या दिवशी टेंपो भरला. स्टो, डबे, सगळं बांधून आत गेलं. बघतो तर सिंधू रिकाम्या सयपाकघरात उभी, हातात ती सुकटीची वाटी. घासून लख्ख केलेली.

"चल की."

"वाटी तिकडनं आलीय. काय घालून देऊ? घरात चिमूटभर मीठ नाय राहिलं."

"तशीच दे आता."

"नाय."

शेवटी भिमाबाईच रस्त्याच्या दारानं आली. इतक्या वर्षांत ती त्या दारानं क्वचितच आली असंल. उंबऱ्यात घोटाळली, मग म्हणली, "वैनी, आणा ती वाटी. वाट बघून आले."

"रिकामी कशी देऊ?"

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," भिमाबाई म्हणली. "मळ्यात द्राक्षं लागली का भरून आणा. पण माझ्या दारानं या."

सिंधू टेंपोत पुढं बसली, वाटी मांडीवर घेऊन. द्वारकेच्या चौकात टेंपो थांबला. मग म्हणली, "द्राक्षं कधी लागतात हो?"

"फेब्रुवारीत," मी म्हणालो. श्रावण चालू होता.