कापसावरचं औषध

प्रेमलानं काडेपेटी काउंटरवर ठेवली आणि उघडली. आत रक्त पिऊन टम्म फुगलेले गोचीड होते. त्यातला एक हळूहळू काठावर चढला आणि बाहेर आला.

"मकबूलभाई, परवाच धुतल्या गाई तुमच्या औषधानं. हे बघा, चालून राहिलेत."

मकबूलनं बाहेर आलेला गोचीड काडीनं परत पेटीत ढकलला. उदगीरमधलं जनावरांच्या औषधांचं हे दुकान त्याच्या वडिलांपासूनचं. पाण्यात मिसळून गाईच्या अंगाला लावायचं ते औषध तो वर्षानुवर्षं विकत आला होता. लावलं की दुसऱ्या दिवशी गोचीड गळून पडायचे.

प्रेमला नुसती गिऱ्हाईक नव्हती. भूकंपाच्या वर्षी अख्खी गल्ली शाळेच्या मैदानात ताडपत्र्यांखाली राहिली होती. तेव्हा ती आणि मकबूलची बायको जन्नतबी एकाच चुलीवर भाकरी थापायच्या. तिची देविका तेव्हा दोघींच्या मध्ये बसून पिठाच्या चिमण्या करायची. आता देविका बारावीला होती, लातूरला खोली घेऊन क्लास करत होती. प्रेमलाचे यजमान हणमंत गुरुजी शाळेत शिकवायचे; त्यांच्या पगारात घर चालायचं, आणि लातूरचा खर्च मागच्या गोठ्यातल्या दोन संकरित गाईंवर होता. तिसरी, इकडच्या गावठी देवणी जातीची म्हातारी गाय, प्रेमलाच्या माहेरची होती. ती दुधाला नव्हती.

"दुसऱ्या कंपनीचं देतो, वहिनी," मकबूल म्हणाला. "हे लावून बघा."

तेही चाललं नाही. त्याच्यानंतर दिलेलंही नाही. एका संकरित गाईला ताप भरला, लघवी कोऱ्या चहासारखी लाल होऊ लागली, दूध तुटलं. त्या संध्याकाळी हणमंत गुरुजी रिकामी बाटली घेऊन दुकानासमोर उभे राहिले. मूळचे शांत, वर्गातही आवाज न चढवणारे गुरुजी भर रस्त्यात ओरडले, "पाणी विकता का हो मकबूल? नकली माल आमच्या गळ्यात मारता?"

चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. चार दिवसांत त्याच्या दुकानावरची वर्दळ कमी झाली.

शेवटी एका सकाळी तो सीलबंद बाटली घेऊन गुरुजींच्या गोठ्यात गेला. शेजारीपाजारी जमले होते. सगळ्यांसमोर त्यानं सील तोडलं, वाटीत औषध कालवलं, तेही नेहमीच्या दुप्पट, आणि गाईच्या कानामागचे गोचीड ओढून त्यात टाकले. थोड्या वेळानं त्यानं ते चिमट्यानं फडक्यावर काढून ठेवले. उन्हं अंगणात आली तोवर ते फडक्यावरून चालायला लागले होते.

कुणीतरी हसलं.

"झालं ना सिद्ध?" गुरुजी म्हणाले.

जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर तापातल्या गाईला सुई द्यायला आले होते. त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "औषध खरं आहे, गुरुजी. गोचीड बदललेत. दरवेळी मरायचे ते मरतात, नि जे तगतात त्यांचीच पिल्लं वाढतात. आता या गोठ्यात तगलेल्यांचीच पैदास उरलीय. दुप्पट घाला, चौपट घाला, ह्या औषधाला ते मरायचे नाहीत."

"मग करायचं काय?"

"हातानं वेचा. भिंतीच्या फटींत अंडी असतात, त्या फटी जाळून लिंपून घ्या. गाई काही महिने दुसरीकडं बांधा. औषध बदलायचं तर मी सांगेन ते, मी सांगेन तेवढंच."

"काही महिने?" गुरुजींचा आवाज फाटला. "पोरीची परीक्षा तोंडावर आलीय, डॉक्टर. दुसरीकडं म्हणजे कुठं?"

डॉक्टरांनी आपली पिशवी आवरली. माणसं पांगली. औषध खरं आहे हे सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी बाजारात बोललं गेलं ते इतकंच, की मकबूलच्या औषधात गोचीड पोहतात. दुकानदार लबाड असेल तर दुकान बदलता येतं. गोचीडच मरत नाहीत म्हटल्यावर माणसानं जायचं कुठं?

दोन दिवसांनी प्रेमला पुन्हा आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "कापसावर मारतात ते असतं का तुमच्याकडं?"

"न्हाई, आणि असलं तरी द्यायचा न्हाई. ते जहर हाय, वहिनी. गाईच्या कातड्यातून आत जातं. माणसाच्यापण."

"ह्यांनी ऐकलंय, त्यानं झटक्यात मरतात म्हणून."

"समदंच मरतंय त्यानं. जन्नतला पाठवतो मी, दोघी मिळून वेचा. गाई आमच्या वाड्यात आणून बांधा हवं तर."

"बोलते त्यांना," ती म्हणाली. पण मकबूलच्या दारात गाई बांधायला गुरुजी तयार झाले नाहीत.

मुदखेडकडचे एक शिक्षक गुरुजींच्या शाळेत होते. त्यांच्या घरी कापूस असायचा. रविवारी गुरुजींनी त्यांच्याकडून आणलेला औषधाचा डबा गोठ्यात उघडला. वास शेजारी जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. गुरुजी बादलीत कालवून देत होते आणि प्रेमला फडक्यानं गाईंना चोळत होती, उघड्या हातांनी, कोपरापर्यंत भिजून. गाय अंग झटकत राहिली तशी तिची साडी छातीपर्यंत ओली झाली.

आधी तापातून उठलेली गाय थरथरायला लागली. तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या, पाय दुमडले. मग दुसरी बसली. प्रेमला विहिरीचं पाणी आणून त्यांच्यावर ओतत राहिली. "धुवा हो, धुवा लवकर," एवढं म्हणता म्हणता तीच भिंतीला टेकून खाली घसरली.

गुरुजींची हाक ऐकून पहिली धावली ती जन्नतबी. मकबूलनं रिक्षा आणली. दवाखान्यात गुरुजी म्हणाले, "उन्हानं चक्कर आली." मकबूलला साडीचा वास येत होता. तो पुढं झाला. "डॉक्टरसाब, ऊन न्हाई हे. कापसावरचं औषध हाय. अंगभर भिजल्यात." तेव्हा कुठं नर्सनं साडी कापून काढली, अंग धुतलं, सुया सुरू झाल्या. पण मधे बराच वेळ गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमला गेली. दोन्ही संकरित गाई त्याआधीच गेल्या होत्या; देवणीपर्यंत हात पोचलाच नव्हता, म्हणून ती तेवढी वाचली.

पोलिसांनी विचारलं, औषध कुठलं? गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "मकबूलच्या दुकानातलं."

दुकानाला सील लागलं. टपरीवर कुणालाच नवल वाटलं नाही. मकबूल दोनदा ठाण्यात जाऊन आला, खरं ते सांगून आला. पण गुरुजींच्या शब्दापुढं त्याच्या शब्दाला वजन नव्हतं.

दहावा झाल्यावर देविका त्याच्या घरी आली. जन्नतबीनं तिला जवळ घेतलं, पण ती उभीच राहिली.

"चाचा, तुमच्या औषधानं गेली का आई?"

"न्हाई, बेटी."

"मग कुणी आणलं ते?"

या पोरीला आता बापच तेवढा उरला होता. "मला ठाऊक न्हाई," मकबूल म्हणाला.

"मला आहे," देविका म्हणाली. "बाबा दिवसभर हात धूत राहतात. साबण संपला तरी धूत राहतात. मी फक्त तुमच्याकडून ऐकायला आले होते." ती दाराकडे वळली. "तुम्ही नाव घेतलं नाहीत. मीच घेते."

घरी जाऊन ती वडिलांना काय बोलली ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बाप आणि लेक चालत ठाण्यात गेले. गुरुजींनी सगळं सांगितलं. डबा कुठं पुरला तेही सांगितलं. परत येताना ते मकबूलच्या दारासमोर थांबले, हात जोडायला उचलले, पण ते जोडले गेलेच नाहीत. मकबूल उठून त्यांच्याजवळ गेला.

देविकानं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. जन्नतबीनं म्हणून पाहिलं, "बेटी, अम्मीसाठी तरी दे." तिनं नकारार्थी मान हलवली. लातूरची खोली दुसऱ्या मुलीला गेली.

सील निघालं तसं मकबूलनं दुकान उघडलं. गोचिडांचं औषध मागायला कुणी आलं की तो आधी विचारायचा, पहिलं कुठलं लावलंत, किती लावलंत, आणि त्याला सरकारी दवाखान्यात पाठवायचा. वेचायला सांगायचा, फटी लिंपायला सांगायचा. ऐकून घेणारे थोडेच होते. स्टेशनकडच्या एका नव्या दुकानात लेबल नसलेल्या बाटल्यांत काहीतरी जालीम मिळायला लागलं होतं. लोक मकबूलचं बोलणं अर्ध्यावर सोडून तिकडे जात.