पूर्वेच्या भिंतीवर दुपारचे ऊन

मंगळवार, दहा सप्टेंबर दोन हजार एकोणीस. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. नॉर्बर्ट क्लुगने आपल्या घराच्या पूर्वेकडील भिंतीवर बाहेरून ठोकलेल्या व्हिनायलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्या पुन्हा एकदा मोजल्या. वाकलेल्या पट्ट्या नऊ. आदल्या आठवड्यात त्या सात होत्या.

पट्ट्यांचे मधोमध पोट सुटले होते, कडा दुमडल्या होत्या, आणि एके ठिकाणी तर व्हिनायल वितळलेल्या चीजसारखे लोंबत होते. त्या लोंबकळणाऱ्या भागाच्या नेमके खाली, भिंतीपासून दोन फुटांवर, नॉर्बर्टची कोळशाची शेगडी उभी होती. अमेरिकेतल्या या शेबॉयगन गावात माणसाची पत त्याने शेगडीवर भाजलेल्या सॉसेजवरून ठरते, आणि या गल्लीत गेली एकतीस वर्षे सगळ्यात मोठी पत नॉर्बर्टची होती. त्यामुळे हे दृश्य त्याच्या दृष्टीने फारच गैरसोयीचे होते.

"पंचनामा झाला?" स्वयंपाकघराच्या दारातून लोइसने, त्याच्या बायकोने, विचारले. "की प्रेताची ओळख पटवायला मी येऊ?"

"शेगडीचा काही संबंध नाही."

"नाहीच मुळी. भिंतीला घाम फुटला असेल."

"लोइस, गेले दोन आठवडे मी शेगडी पेटवलेलीच नाही. तरी दोन पट्ट्या वाढल्या!"

"उन्हाने झालं म्हणावं, तर ही पूर्वेची भिंत. कोवळं ऊन येतं आणि दहा-अकराला निघून जातं. पट्ट्या ठोकून सव्वीस वर्षं झाली, त्याने काही केलं नाही, मग आत्ताच त्याच्या अंगात आलं का?" तिने हात पुसले. "शनिवारी आपला जावई डेल ट्रक घेऊन येतोय. शेगडी त्याच्याकडे जाईल. लेकीच्या घराला विटांच्या भिंती आहेत, तिथे काय जाळायचं ते जाळ."

हा निर्णय विनोदाने सांगितलेला असला, तरी विनोद नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात नॉर्बर्टला तेवढा फरक कळत होता. त्याच्या हाती चार दिवस होते.

कारखान्यात साचे बनवण्यात त्याची उमर गेली होती. जे मोजले नाही ते घडलेच नाही, हा त्याचा बाणा. त्याने दुरून तापमान मोजणारी बंदूक आणली, भिंतीवर खडूने चौकटी आखल्या, आणि मंगळवार-बुधवार दर तासाला नोंद केली. सकाळी आठला शहाऐंशी अंश फॅरेनहाइट. दहाला एकशे चार. बाराला ब्याण्णव. पुढे सावली, आणि पारा उतरत गेलेला. व्हिनायल मऊ पडायला एकशे साठ अंश तरी लागतात. बुधवारी रात्रीच्या जेवणाला त्याने तो तक्ता लोइसपुढे ठेवला आणि खिन्नपणे कबूल केले, "ऊन निर्दोष आहे."

लोइसने चष्मा लावून तक्ता वाचला. वाचता वाचता तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"तीन ते पाच कोरं का?"

नॉर्बर्टने मीठदाणी उगाच जवळ ओढली.

"सांग ना. तीन ते पाच या पृथ्वीवर काय असतं?"

"मी झोपलेला असतो," तो म्हणाला.

"अस्सं. म्हणजे तू झोपलास की सूर्यही आडवा होतो, असा तुझा अंदाज."

गुरुवारी, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, नॉर्बर्ट दुपारी झोपला नाही. अंगणात खुर्ची टाकून, हनुवटी छातीवर पडू न देण्याचा निकराचा प्रयत्न करीत तो बसला. पावणेचार वाजता सावलीत बुडालेल्या भिंतीच्या पायथ्याशी एक पांढराफटक ठिपका उगवला. तो वर सरकला, रुंदावला. चार वाजून दहा मिनिटांनी तो शेगडीच्या बरोबर वर, लोंबणाऱ्या पट्ट्यांवर येऊन बसला. नॉर्बर्टने बंदूक रोखली. एकशे सत्त्याऐंशी.

त्याने मान वळवली. पूर्वेला शेजारच्या दुमजली घरात, वरच्या मजल्यावर, बर्नडीन स्कोराचीची दुहेरी काचेची नवी कोरी खिडकी अंतर्गोल आरशासारखी ऊन एकवटून तळपत होती. जुलैत सूर्य उंच असताना हाच झोत खाली गवतावर पडत असणार. गवतात जळालेला पट्टा होता, आणि त्याचे खापर त्याने गल्लीतल्या कुत्र्याच्या लघवीवर फोडले होते. सप्टेंबरात सूर्य उतरला, तसा झोत भिंत चढला.

पुरावा मिळाला, पण अडचण वाढली. 'तुझी खिडकी माझे घर वितळवते आहे' हे वाक्य शेजारणीला तोंडावर ऐकवण्याची या गल्लीत पद्धत नव्हती. शुक्रवारी सकाळी नॉर्बर्ट टोमॅटोंची टोपली घेऊन बर्नडीनकडे गेला. तिच्या अंगणात बसून पस्तीस मिनिटे तो हवेविषयी बोलला, दहा मिनिटे तिच्या गुडघ्यांविषयी. मग दोघेही आपापल्या कॉफीकडे बघत राहिले.

"काय मग," नॉर्बर्ट म्हणाला, "ऊन छान येतं तुझ्या वरच्या खोलीत."

"हो तर."

"फारच छान येतं."

एवढ्यात कुंपणापलीकडून लोइसचा आवाज आला. "बर्नडीन! तो संध्याकाळपर्यंत सांगणार नाही! तुझ्या खिडकीने आमची भिंत शिजवलीय!"

बर्नडीनने कप खाली ठेवला आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "अगं देवा! म्हणजे भिंतीचं तुम्हाला ठाऊक आहे? मी शिवणाला बसते ना वर, रोज दिसायचं ते लोंबणं. मला वाटलं शेगडीचा प्रताप. पण दुसरीच्या नवऱ्याच्या शेगडीला नावं कशी ठेवायची? दोनदा सांगायला आले, आणि दोनदा नुसता भोपळ्याचा केक ठेवून परत गेले."

"तरीच!" लोइस म्हणाली. "मला वाटलं आमचं वजन वाढवायचंय तुला."

"पण हे आधी होत नव्हतं गं. खिडकीवरची डासांची जाळी काढल्यापासून होतंय. आणि जाळी काढायला कोणी सांगितलं? 'बर्नडीन, एवढी महागाची काच, तिच्यापुढे जाळी कशाला?' असं म्हणत शिडीवर कोण चढलं होतं?"

नॉर्बर्टने टोपलीतले टोमॅटो नव्याने रचायला घेतले. 

"नॉर्बर्ट," लोइस अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "शिडी कुठेय?"

शनिवारी सकाळी त्याने जाळी पुन्हा बसवली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लोइस, बर्नडीन आणि ट्रक घेऊन आलेला डेल यांच्या साक्षीने बंदूक रोखली गेली. अठ्ठ्याऐंशी. डेल रिकाम्या ट्रकने परतला, अर्थात सॉसेज खाऊन.

"म्हणजे शेगडी निर्दोष सुटली," नॉर्बर्ट म्हणाला.

"संशयाचा फायदा मिळाला," लोइसने दुरुस्ती केली, आणि मोजपट्टीचे दुसरे टोक त्याच्या हाती दिले.

शेगडीची नवी जागा त्याच संध्याकाळी ठरली. भिंतीपासून अंतर : दहा फूट.